गाळाचा एकच आकडा कुणाच्या सोयीचा?

नदी वर्षाला किती गाळ वाहून नेते, या प्रश्नाला प्रकल्प अहवालात बहुधा एकच उत्तर असते: अमुक इतके कोटी टन. त्या आकड्यावर धरणाचे आयुष्य ठरते, वाळूउपशाचे परवाने दिले जातात, नदीमुखाजवळची जमीन खचणार की टिकणार याचे नकाशे निघतात. तो आकडा किती नमुन्यांवरून काढला, ते नमुने कोणत्या वर्षांतले आणि कोणत्या ऋतूतले, पुराच्या दिवशी तिथे कुणी उभे होते का, असे विचारायला गेले तर मात्र साधी तळटीपही सापडत नाही. माझे म्हणणे असे की, गाळाचा जो आकडा आपल्या वरच्या-खालच्या मर्यादा सोबत घेऊन येत नाही, तो सार्वजनिक निर्णयासाठी ग्राह्यच धरू नये. हा हट्ट संशोधकांच्या समाधानासाठी धरलेला नाही. आकड्यातली अनिश्चितता अहवालातून खोडली, तरी नदीतून जात नाही. ती कुणाच्या तरी डोक्यावर पडते, आणि ते डोके अहवाल लिहिणाऱ्याचे क्वचितच असते.

साऱ्या जगाच्या बेरजेचे काय झाले ते पाहा. 1960 मध्ये फूर्निये या फ्रेंच अभ्यासकाने नद्या वर्षाला 50 अब्ज टनांहून अधिक गाळ समुद्रात नेतात असा अंदाज मांडला. 1968 मध्ये होलमन यांचा हिशेब 18 अब्जांच्या आसपास आला. 1983 मध्ये मिलिमन आणि मीड यांनी तरंगत्या गाळाचा आकडा 13.5 अब्ज टनांवर आणला, आणि पुढे 1992 मध्ये त्याच मिलिमन यांनी सिवित्स्की यांच्यासोबत तो 20 अब्जांच्या घरात नेऊन ठेवला. बत्तीस वर्षांत नद्यांनी आपला स्वभाव असा मागेपुढे बदलला नव्हता. बदलली ती मोजणाऱ्यांची पोहोच आणि गृहीतके. 1992 च्या वाढीचे कारण तर फारच बोलके आहे. डोंगरातून उतरून थेट समुद्राला मिळणाऱ्या लहान, तीव्र उताराच्या नद्या आधीच्या हिशेबांत जवळजवळ नव्हत्याच. मोठ्या नद्यांवर मोजणी केंद्रे होती, म्हणून गाळही मोठ्या नद्यांतच असणार असे धरले गेले. प्रत्यक्षात तैवानच्या नद्यांनी 1970 ते 1999 या काळात वर्षाला सरासरी 38 कोटी टन गाळ समुद्रात टाकला. सुमारे 36 हजार चौरस किलोमीटरचे ते बेट; आणि तीस लाखांहून अधिक चौरस किलोमीटरचे खोरे असलेली मिसिसिपी आज वर्षाला साधारण 14-15 कोटी टन आणते.

एका नदीवर आलो तरी परिस्थिती फार सुधारत नाही. पाण्याची पातळी मोजायला पट्टी पुरते, आणि पातळीवरून विसर्ग काढण्याची रीत चांगली रुळलेली आहे. गाळाला अशी पट्टी नाही. पुलावरून किंवा नावेतून बाटली बसवलेले वजनदार उपकरण ठरलेल्या वेगाने तळापर्यंत सोडायचे, तसेच वर ओढायचे, नदीच्या रुंदीत अनेक ठिकाणी हे पुन्हा करायचे, मग प्रयोगशाळेत पाणी गाळून, वाळवून, वजन करायचे. एका वेळच्या मोजणीला तासन्‌तास जातात. इतके करूनही उपकरणाचे तोंड तळापासून सुमारे दहा सेंटिमीटर वरच थांबते, कारण त्याखाली ते वाळूतच रुतेल. चिकणमातीचे कण पाण्यात वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखे पसरतात. वाळू तशी पसरत नाही, ती तळालगत दाट असते. म्हणजे जिथे वाळू सर्वांत जास्त, तिथेच आपले उपकरण पोहोचत नाही.

ॲमेझॉनसारख्या नदीलाही याचा फटका बसला. 1967 मध्ये तिच्या गाळाचा अंदाज वर्षाला सुमारे 50 कोटी टन होता. जुने अंदाज मोठ्या अंशी पृष्ठभागालगतच्या नमुन्यांवर उभे होते. मीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात पृष्ठभागापासून खोलवर नमुने घेतले, तेव्हा आकडा 80 ते 90 कोटींवर गेला. नंतरच्या मोजण्यांत तो 110 ते 130 कोटींपर्यंत पोहोचला. जगातल्या सर्वांत मोठ्या नदीचा आकडा बाटली किती खोल गेली यावर दुपटीहून अधिक हलला.

खोलीहूनही अवघड प्रश्न वेळेचा आहे. नदी गाळ रोज थोडा थोडा नेत नाही, मोजक्या दिवसांत नेते. कॅलिफोर्नियातल्या ईल नदीने डिसेंबर 1964 च्या पुरात तीनच दिवसांत जितका गाळ वाहून नेला, तितका त्याआधीच्या कित्येक वर्षांत मिळून नेला नव्हता. आता कल्पना करा की त्या नदीवर दर सोमवारी सकाळी नमुना घेण्याची पद्धत आहे, आणि पूर बुधवारी मध्यरात्री आला. नोंदवहीत सोमवारही असेल, पुढचा सोमवारही असेल, दोन्ही नमुने नियमानुसार असतील, आणि त्या वर्षाचा गाळ जवळजवळ सगळा त्या दोन नोंदींच्या मधून निसटलेला असेल. यात कुणाची कामचुकारी नाही. पूल पाण्याखाली जातो, ओंडके वाहत येतात, उपकरण बांधलेली तार तुटते. अशा वेळी माणसाने तिथे थांबू नये हेच योग्य. पण मग त्या वहीवरून निघालेल्या सरासरीला ‘नदीचा वार्षिक गाळ’ म्हणणे योग्य नाही.

ही रिकामी जागा भरायला अभियंत्यांकडे एक जुनी युक्ती आहे. हाती असलेल्या नमुन्यांवरून विसर्ग आणि गाळ यांचे नाते सांगणारा वक्र काढायचा, आणि रोजच्या विसर्गावरून रोजचा गाळ वाचायचा. युक्ती कामाची आहे, मी तिला नावे ठेवणार नाही. पण तिच्यात दोन गोची आहेत. पहिली अशी की एकाच विसर्गाला गाळ एकच नसतो. पूर चढताना पाणी गढूळ असते. उतरताना, तितक्याच पातळीवर, ते अनेकदा बरेच निवळलेले असते, कारण हाताशी असलेली माती आधीच धुऊन गेलेली असते. दुसरी गोची गणिताची आहे, आणि ती अधिक फसवी आहे, कारण ती दिसत नाही. हा वक्र बहुधा लॉगरिदमच्या कागदावर काढतात, म्हणजे जिथे 1, 10, 100 अशा पटींना सारखे अंतर दिलेले असते. समजा एकाच विसर्गाला एकदा लिटरमागे 1 ग्रॅम गाळ मिळाला आणि एकदा 9 ग्रॅम. खरी सरासरी 5. लॉगरिदमची सरासरी काढून परत उलटवली तर उत्तर येते 3. नमुने अचूक, आकडेमोड अचूक, आणि तरीही चाळीस टक्के गाळ गायब. फर्ग्युसन या अभ्यासकाने 1986 मध्ये दाखवून दिले की या एका कारणाने नद्यांचा गाळ निम्म्यापर्यंत कमी भरू शकतो. त्यावर दुरुस्तीची सूत्रेही उपलब्ध आहेत. ती एखाद्या अहवालात वापरली की नाही, हे मात्र अहवाल सांगत नाही.

तळाशी सरपटत, उड्या घेत जाणाऱ्या वाळूगोट्यांची कथा तर आणखी निराळी. हान्स अल्बर्ट आइन्स्टाइन, म्हणजे अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे चिरंजीव, यांनी 1937 मध्ये याच विषयावर झुरिकला प्रबंध लिहिला आणि दगडाच्या हालचालीला संभाव्यतेचा प्रश्न मानले. गोटा कधी हलेल, किती पुढे जाईल, कधी थांबेल हे निश्चित सांगता येत नाही, एवढेच सांगता येते की किती शक्यता आहे. त्यानंतर सूत्रे ढिगाने आली. आजही सूत्राचे उत्तर प्रत्यक्षाच्या दुप्पट ते निम्मे या पट्ट्यात आले तर अभ्यासक समाधान मानतात. व्यवहारात याहून सोपी वाट काढली जाते: तरंगत्या गाळाच्या दहा टक्के धरा आणि पुढे चला. मैदानी, चिकणमातीच्या नदीला हे कदाचित जास्त होईल. डोंगरी नदीला ते हास्यास्पद रीतीने कमी पडू शकते. या दहा टक्क्यांचा उगम मोजमापात नसून सवयीत आहे.

प्रयोगशाळेतही गळती आहेच. सांडपाणी तपासण्यासाठी बनवलेली एक पद्धत नदीच्या पाण्यालाही सर्रास लावली जाते. तिच्यात बाटलीतले सगळे पाणी न घेता हलवून त्यातला थोडा भाग काढतात. तेवढ्या क्षणात वाळू खाली बसते आणि हिशेबातून सुटते. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2000 मध्ये तीन हजारांहून अधिक जोडनमुने (एकाच वेळचे, पण दोन पद्धतींनी तपासलेले) पाहून ही पद्धत नदीच्या गाळासाठी भरवशाची नाही असे सांगितले.

आता हे सगळे शेजारी शेजारी ठेवा. उथळ बाटली, चुकलेला पूर, लॉगरिदमचा वक्र, न मोजलेला तळ, खाली बसलेली वाळू. या चुका एकमेकींना छेदत नाहीत, सगळ्या एकाच बाजूला झुकतात: कमी. चुका दोन्ही बाजूंना समान असतील तर मधला आकडा धरणे हा शहाणपणा आहे. नदीकाठी मोजलेल्या गाळाच्या बाबतीत मधला आकडा मध्ये नसतोच. ‘सरासरी अंदाज घेतला’ या वाक्याने सावधपणाचा जो आभास होतो तो म्हणूनच फसवा आहे. मांजरा नदीवरचे निजामसागर धरण 1931 मध्ये पूर्ण झाले, आणि पुढे त्यात गृहीत धरलेल्या वेगाच्या दहा पटींहून अधिक वेगाने गाळ साचत असल्याचे आढळले. जगभरच्या जलाशयांच्या फेरमोजण्या पाहिल्या तर अशी उदाहरणे अपवादात्मक वाटत नाहीत.

गंमत अशी की शेताकडून हिशेब सुरू केला तर चूक उलट्या बाजूला जाते. उतारावरच्या चाचणी-पट्टीवर किती माती धुपली ते मोजायचे, त्याला खोऱ्याच्या क्षेत्रफळाने गुणायचे, आणि एवढी माती नदीने नेली असे जाहीर करायचे, ही रीत वर्तमानपत्री मथळ्यांना फार आवडते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, कून क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात, ट्रिंबल या अभ्यासकाने 1853 पासूनचा गाळाचा जमाखर्च मांडला. वरच्या शेतांतली धूप काळानुसार प्रचंड वाढली आणि नंतर प्रचंड घटली, पण खोऱ्याच्या तोंडातून बाहेर पडणारा गाळ जवळजवळ तेवढाच राहिला. मधली माती पायथ्याशी, ओढ्याकाठी, पूरमैदानात अडून राहिली आणि नंतर सवडीने निघाली. धुपलेली माती आणि नदीने नेलेला गाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोहोंमधले गुणोत्तर ठरवताना बहुतेक वेळा अंदाजच चालतो. तेव्हा ‘नद्या इतकी सुपीक माती समुद्रात नेत आहेत’ असा आकडा कितीही सदिच्छेने दिला, तरी त्यालाही मर्यादा विचारल्याच पाहिजेत. आपल्या आवडत्या बाजूच्या आकड्याला सूट द्यायची नाही.

मग प्रश्न येतो: कोणत्या वर्षांची सरासरी? चीनमधल्या पीत नदीचा, म्हणजे ह्वांग हो नदीचा, वार्षिक 1.6 अब्ज टन गाळ हा आकडा अनेक पुस्तकांत छापलेला आहे. तो साधारण 1919 ते 1960 या काळाचा आहे. 2000 नंतर मधल्या प्रवाहात ती वर्षाला साधारण पाव अब्ज टन गाळ आणते. धरणे, पायऱ्यापायऱ्यांची शेती, वनीकरण, घटलेला विसर्ग, सगळ्यांचा त्यात हात आहे. दोन्ही आकडे खरे, पण नदी एकच राहिलेली नाही.

याच नदीवरच्या सानमेनश्या धरणाने आणखी एक धडा दिला. सप्टेंबर 1960 मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली. नदी भरमसाट गाळ आणते हे सर्वांना ठाऊक होते, तो आकडा तसा चांगला मोजलेला होता. भिस्त होती ती वरच्या खोऱ्यातल्या मृदसंधारणाने गाळ लवकरच भराभर घटेल या आशेवर. ह्वांग वानली या अभियंत्याने धरणाला आधीच विरोध केला होता. त्यांचे कुणी ऐकले नाही. दीडच वर्षात जलाशय गाळाने इतका भरला की 1962 मध्ये पाणी साठवणे सोडून द्यावे लागले. गाळ मागे सरकत वेई या उपनदीच्या तोंडाशी साचला आणि शीआन शहराच्या मैदानाला पुराचा धोका निर्माण झाला. शेवटी बोगदे खणून आणि बुजवलेले तळदरवाजे पुन्हा उघडून धरण फिरून बांधल्यासारखे करावे लागले. मोजमापातली अनिश्चितता आणि भविष्याबद्दलची आशा या दोन्ही एकाच आकड्यात मिसळल्या की असे होते. अहवालात 1.6 अब्ज या आकड्याशेजारी ‘संधारण फसले तर’ असा दुसरा स्तंभ असता, तर तळदरवाजे बुजवायला कुणाचा हात धजावला नसता. त्याच नदीवर नव्वदच्या दशकात शियाओलांगदी धरण बांधताना 12.65 अब्ज घनमीटर क्षमतेपैकी 7.55 अब्ज घनमीटर जागा सरळ गाळासाठी राखून ठेवली. अनिश्चिततेला जागा द्यायची ती अशी, काँक्रीट ओतण्याआधी.

या मागणीवर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला प्रशासनाचा: आम्हाला निर्णय घ्यायचा असतो, ‘पाच ते पंधरा कोटी’ असे उत्तर घेऊन काय करायचे? यात मला फारसा दम दिसत नाही. हाच अभियंता पुराच्या विसर्गासाठी शंभर वर्षांतून एकदा, हजार वर्षांतून एकदा अशा भाषेत सांडवा आखतो. पुलाच्या खांबाला सुरक्षितता गुणांक लावतो. पट्टा घेऊन निर्णय घेण्याची रीत त्याला अपरिचित नाही. गाळाच्या बाबतीत ती वापरली तर प्रकल्पाचे आयुष्य कागदावर कमी दिसते, खर्च-लाभाचे गणित बिघडते, आणि खरी अडचण तिथे आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो पर्यावरणाच्या बाजूने येतो. अनिश्चितता कबूल केली की तिचे हत्यार होते. वाळू उपसणारा म्हणेल, ‘तुमचा आकडाच पक्का नाही, मग मी नदीचे नुकसान केले हे कशावरून?’ ही भीती खोटी नाही. पण आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीकडे पाहा. तिचा गाळ वर्षाला 16 कोटी टन असे दीर्घकाळ सांगितले जात होते. 2016 च्या एका अभ्यासात कंबोडियातल्या क्राती येथे 1981 ते 2005 या काळासाठी तो सरासरी 8.7 कोटी टनांच्या आसपास निघाला. जुना आकडा कायम धरला असता तर नदी भरपूर देते आहे, थोडे काढले तर काय बिघडले, असाच निष्कर्ष निघाला असता. पुढे 2020 मध्ये हॅकनी आणि सहकाऱ्यांनी फक्त वाळू वेगळी मोजली: त्रिभुज प्रदेशाकडे जाणारी वाळू वर्षाला सुमारे 62 लाख टन, कमी-अधिक 20 लाख टन. उपसा होता सुमारे 5 कोटी टनांचा. त्या अभ्यासकांनी आपली चूक झाकली नाही, तिसऱ्या हिश्श्याएवढी मोकळी सांगितली. पट्ट्याचे वरचे टोक धरा, नाहीतर ते आणखी दुप्पट करा, उपसा तरी त्याच्या तिप्पट भरतो. अनिश्चितता सांगितल्याने दावा दुबळा झाला नाही. उलट तो मोडायला आता कुणाला ‘तुमचे उपकरण चुकले असेल’ एवढे म्हणून भागत नाही. दुबळा पडतो तो एकटा आकडा, कारण उलटतपासणीत त्याची पहिली चूक सापडली की सगळाच दावा कोसळतो.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. नुसते कमी-अधिक चिन्ह लावले म्हणजे काम झाले असे नाही. वक्राभोवती विखुरलेल्या बिंदूंवरून संगणक जो पट्टा काढून देतो, त्यात फक्त नमुन्यांचा विखुरलेपणा असतो. तळाशी सरपटणारा गाळ मोजलाच नाही, मोठा पूर नोंदलाच नाही, नमुने एका कोरड्या दशकातले आहेत, यांपैकी काहीही त्या पट्ट्यात येत नाही. ‘अधिक-उणे आठ टक्के’ असे लिहिलेला आकडा अशा वेळी उघड्या आकड्याहून जास्त दिशाभूल करतो, कारण त्याने प्रामाणिकपणाचा पोशाख घातलेला असतो. म्हणून पट्ट्यासोबत काय मोजले नाही याची यादी छापणे सक्तीचे असावे. नमुने किती, सर्वांत मोठ्या पुरात किती, तळगाळाचा आकडा मोजलेला की धरलेला, वर्षे कोणती. चार ओळींत मावेल इतकीच ही माहिती आहे.

उपग्रह आले, आता हा प्रश्न सुटेल, असे ऐकू येते. उपग्रहांनी मोठे काम केले आहे यात शंका नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या चारशेहून अधिक नद्यांचा 1984 पासूनचा तरंगता गाळ उपग्रहचित्रांवरून मांडला गेला. कुठे वाढ, कुठे घट, हे चित्र त्यातून बऱ्याच विस्ताराने दिसले. पण उपग्रहाला पाण्याचा वरचा थर दिसतो, आणि तोही ढग नसताना. पूर ढगांखालीच येतो. गढूळपणा सतत मोजणारे संवेदक आणि ध्वनिलहरींची उपकरणे या फटी बऱ्याच बुजवतात, पण त्यांनाही बाटलीतल्या खऱ्या गाळाशी वेळोवेळी ताडून पाहावे लागते. शेवटी पुलावर माणूस लागतोच. आणि तिथेच काटकसर होते. अमेरिकेत 1982 मध्ये गाळाची रोजची नोंद ठेवणारी 360 केंद्रे होती, 1998 पर्यंत ती निम्म्याहून कमी झाली. ज्या देशाने या मोजणीची उपकरणे आणि रीती घडवण्यात मोठा वाटा उचलला, त्याची ही गत.

तेव्हा पैसा कुठे घालायचा तेही सांगतो. वर्षभर दर आठवड्याला एकसारखे नमुने घेण्याऐवजी तोच पैसा पुराच्या चढत्या आणि उतरत्या पाण्यावर, आणि तळगाळावर खर्च व्हावा. कोरड्या महिन्यांतल्या शंभर बाटल्यांपेक्षा एका मोठ्या पुरातल्या दहा बाटल्या अधिक सांगतात. प्रत्येक मोठ्या जलाशयाच्या तळाची ठरावीक वर्षांनी फेरमोजणी व्हावी, आणि ती मूळ अंदाजाशेजारी छापली जावी. जलाशय हा गाळ मोजण्याचा आपल्याकडचा सर्वांत प्रामाणिक डबा आहे, तळाची वाळूही त्याच्यातून सुटत नाही. आणि निर्णय करताना पट्ट्याचे कोणते टोक धरायचे हे नुकसान कुणाचे होणार यावरून ठरावे. धरणाचे आयुष्य काढताना गाळाचे वरचे टोक, वाळूउपशाचा परवाना देताना खालचे. एकाच नदीसाठी एकाच विभागाने दोन वेगळे आकडे वापरणे विसंगत दिसेल. दिसू द्यावे. आज हा विभाग तेच दोन आकडे वापरतो, फक्त उलटे: धरणाला कमी गाळ, परवान्याला भरपूर.